जुन्या प्लेस्टेशन ४ वर लिनक्स: आधी हार्ड डिस्क सांभाळा

गावाकडच्या घरात प्लेस्टेशन ४ (पीएस४, सोनीचा टीव्हीवर गेम खेळायचा कन्सोल) येतं ते बहुतेक पुण्या-नागपुरात नोकरी करणाऱ्या कोणाचं तरी वापरून झालेलं. नवा गेम पन्नास-साठ जीबीचा आणि मोबाइलचा रोजचा डेटा दीड-दोन जीबीचा, त्यामुळे हाताशी असलेल्या गेमच्या सीडी खेळून झाल्या की ते टीव्हीखाली पडून राहतं. सीडी ओढायचं बंद झालं तर त्याला कोणी विचारतही नाही. पण आत आठ कोअरचा एएमडी प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी असते. इकडे आमच्या भागातल्या अभ्यासिकांमध्ये पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससीची तयारी करणारी पोरं मोबाइलच्या चार बोटं रुंद पडद्यावर पीडीएफ वाचून राहिली आहेत. जुन्या टीव्हीला हे यंत्र जोडून त्यावर लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली चढवली तर त्यांना फायरफॉक्स, लिबरऑफिस, मराठी टायपिंग आणि नेट नसतानाही चालणारा किविक्सवरचा विकिपीडिया मिळतो.

माझं म्हणणं एकच आहे आणि त्यावर मी ठाम आहे: लिनक्स बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवायचं. कन्सोलच्या आतल्या हार्ड डिस्कवर त्यासाठी एक अक्षरही लिहायचं नाही. आतल्या डिस्कवर लिनक्स टाकण्याच्या पद्धती आहेत, पण गावात त्या वापरू नयेत असं मला वाटतं. कारण पुढे येईलच.

यंत्र चालेल का, ते आधी पाहा

पीएस४ चा प्रोसेसर साध्या कॉम्प्युटरच्याच जातीचा आहे, तरी हा कन्सोल म्हणजे कॉम्प्युटर नाही. त्यात कॉम्प्युटर सुरू करणारं बायॉस नाही, कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते विचारणारा बूट मेनू नाही. उबुंटूचा (लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्ह लावून तो सुरू होणार नाही. कन्सोलची मूळ प्रणाली फ्रीबीएसडी या दुसऱ्या मोफत प्रणालीवर बेतलेली आहे. आधी ती सुरू होते, मग तिच्या सुरक्षेतल्या एका फटीतून ‘लिनक्स लोडर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आत सोडायचा आणि तो मेमरीतच लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा, उभं करतो. हे जमतं हे ‘फेलओव्हरफ्लो’ या गटाने डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बर्गच्या परिषदेत दाखवलं. त्यांनी पीएस४ साठी कर्नलमध्ये केलेल्या दुरुस्त्यांवरच आजचं बरंचसं काम उभं आहे. हे सगळं मेमरीत चालतं, म्हणून कन्सोल बंद करून पुन्हा लावला की मूळ प्रणालीच येते आणि लिनक्ससाठी लोडर पुन्हा सोडावा लागतो. काही जणांना हा त्रास वाटतो. मला हाच या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो, कारण काहीही बिघडलं तरी बटण दाबून मूळ जागी परत येता येतं.

ही फट प्रत्येक आवृत्तीत नसते. सेटिंग्ज, सिस्टम, सिस्टम इन्फर्मेशन या क्रमाने जा आणि सिस्टम सॉफ्टवेअरचा आकडा बघा. ९.०० आणि ११.०० या आवृत्त्यांचे मार्ग चांगले रुळलेले आहेत. ९.०० ला खास लिहिलेला एक पेनड्राइव्ह लागतो. ११.०० साठी लॅन केबल आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर लागतो. आवृत्ती ९.०० पेक्षा जुनी असेल तर नेमकी ९.०० ची फाइल पेनड्राइव्हवरून देऊन तिथपर्यंत चढवता येतं. उलट मात्र जाता येत नाही: एकदा पुढची आवृत्ती बसली की मागे फिरायचा रस्ता नाही. म्हणून जुनं यंत्र विकत घेताना दुकानदाराला पडद्यावर हा आकडा दाखवायला लावा आणि ‘भाऊ, अपडेट मारून देऊ नका’ हे स्पष्ट सांगा. बरेच जण चांगुलपणाने अपडेट मारूनच देतात.

अपडेटचं भय किती खरं आहे त्याला जुना दाखला आहे. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स बसवायची सोय सोनी कंपनीनेच दिली होती. ‘अदर ओएस’ नावाच्या पर्यायातून हार्ड डिस्कचा वेगळा भाग काढून तिथे लिनक्स टाकता यायचं. १ एप्रिल २०१० ला आलेल्या ३.२१ आवृत्तीने ती सोय काढून टाकली. अमेरिकेत त्यावर ग्राहकांनी खटले भरले, पण ती सोय काही परत आली नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आपोआप डाउनलोड बंद करणं. पॉवर सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन, रेस्ट मोडमध्ये नेटशी जोडलेलं राहायचा पर्यायही काढा. मूळ प्रणाली सुरू असताना नेट देऊच नका. लिनक्स सुरू झाल्यावर नेट जोडायला हरकत नाही, कारण त्या वेळी मूळ प्रणाली चालूच नसते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या मार्गाने गेल्यावर वॉरंटीचा दावा करू नका, आणि ज्या खात्यावर पैसे देऊन गेम घेतले आहेत ते खातं या यंत्रावर ऑनलाइन वापरू नका, ते बंद केलं जाऊ शकतं. चोरीचे गेम हा या लेखाचा विषय नाही, आणि अभ्यासिकेत ठेवायच्या यंत्रावर तर ते नकोच.

आतली हार्ड डिस्क: काढणं, तपासणं, नक्कल

लिनक्स बाहेर ठेवायचं तर आतली डिस्क का काढायची? कारण ती जुनी आहे. सुरुवातीच्या यंत्रांमध्ये ५०० जीबीची, अडीच इंची, साधी फिरती डिस्क आहे आणि तिने दहा-बारा उन्हाळे पाहिलेले असू शकतात. मूळ प्रणाली तिच्यावरच असते. ती गेली तर लोडर सोडायला जागाच उरत नाही आणि बाहेरचं लिनक्सही बंद पडतं.

आधी आतला डेटा घ्या. सेटिंग्ज, सिस्टम, बॅक अप अँड रीस्टोअर इथून बाहेरच्या फॅट३२ किंवा एक्सफॅट डिस्कवर बॅकअप निघतो. नुसते गेमचे सेव्ह हवे असतील तर ते वेगळे पेनड्राइव्हवर घेता येतात.

मग कन्सोल पूर्ण बंद करा, रेस्ट मोडमध्ये नको, आणि वायर काढा. पहिल्या पिढीच्या यंत्रात वरच्या झाकणाचा चकचकीत डावा भाग तळव्याने बाहेरच्या बाजूला सरकवला की निघतो. स्लिम आणि प्रो या नंतरच्या मॉडेलांमध्ये मागच्या बाजूला कोपऱ्यात छोटं झाकण आहे. आत एक मोठा स्क्रू दिसेल, त्यावर त्रिकोण, गोल, फुली, चौकोन अशी बटणांचीच चिन्हं कोरलेली असतात. तेवढा एकच स्क्रू काढला की डिस्क तिच्या पत्र्याच्या चौकटीसकट ओढून बाहेर येते. जोर लावू नका. चौकटीला आणखी चार छोटे स्क्रू असतात, त्यांच्यासाठी बरोबर मापाचा फुलीचा पेचकस वापरा. डोकं घासलेला स्क्रू काढायला मग तालुक्याच्या गावी जावं लागतं.

डिस्कवरचं लेबल नीट वाचा. कंपनी, क्षमता आणि सिरीयल नंबर वहीत लिहून घ्या. फोटोवर भागवू नका, वहीत लिहा, कारण पुढे हाच नंबर बघून कोणती डिस्क कोणती ते ठरवायचं आहे.

आता ती साटा ते यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपवर विंडोज असेल तर लगेच एक खिडकी येईल: डिस्क इनिशियलाइझ करायची का, किंवा फॉर्मॅट करायची का? कॅन्सल. दर वेळी कॅन्सल. डिस्क रिकामी किंवा खराब आहे म्हणून तो हे विचारत नाही. कन्सोलने सगळा डेटा सांकेतिक करून लिहिलेला असतो आणि विंडोजला त्यातलं काही ओळखू येत नाही. ‘ओके’ दाबलं की डिस्कच्या सुरुवातीला तिच्या भागांचा नवा तक्ता लिहिला जातो आणि कन्सोल तिला ओळखेनासा होतो. या कामात जेवढ्या डिस्क वाया जाताना पाहिल्या त्यातल्या बहुतेक या एका खिडकीपाशी गेल्या. म्हणून पेनड्राइव्हवरून सुरू होणारं लिनक्स मिंट लॅपटॉपवर चालवा आणि त्यातूनच हे काम करा. तिथे असा प्रश्न येत नाही. फाइल मॅनेजरमध्ये ती डिस्क उघडायचा मात्र प्रयत्न करू नका.

सांकेतिक असली तरी डिस्कची तब्येत वाचता येते, आणि ते करताना डिस्कवर काही लिहिलं जात नाही. मिंटमधल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’ (डिस्कवरचे खराब म्हणून बदललेले आणि संशयास्पद कप्पे) या दोन ओळींसमोर शून्य असेल तर उत्तम. पेंडिंगसमोर आकडा दिसत असेल आणि दुसऱ्या दिवशी तो वाढलेला असेल, तर ती डिस्क जाणार हे धरून चाला.

तब्येत चांगली असो की वाईट, नक्कल कराच. डिस्कची सांकेतिक किल्ली त्या कन्सोलशी बांधलेली असते, त्यामुळे एका यंत्राची डिस्क दुसऱ्यात चालत नाही. पण सेक्टर न सेक्टर उतरवलेली नक्कल त्याच यंत्रात मूळ डिस्कसारखीच चालते. नक्कल ज्या डिस्कवर करायची ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. मोठी असेल तर वरची जागा कन्सोल वापरणार नाही, तेवढं सोडून द्या. कन्सोलच्या खणात बसायला तिची जाडी साडेनऊ मिलिमीटर किंवा कमी हवी. २.५ इंची साटा एसएसडी अलगद बसतो आणि यंत्र आधीपेक्षा लवकर सुरू होतं.

नकलेसाठी मी ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्रॅम सुचवीन. त्याला नोंदीची एक फाइल द्यायची असते, किती भाग उतरला आणि कुठला भाग वाचता आला नाही ते तो तिच्यात लिहीत जातो. ही फाइल लॅपटॉपच्या डिस्कवर किंवा वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. नुसत्या मेमरीत चालणाऱ्या मिंटमध्ये ठेवली तर लॅपटॉप बंद पडताच ती जाईल. लाइट गेली तरी तोच आदेश पुन्हा दिला की काम थांबलं तिथून पुढे सुरू होतं. ५०० जीबीची धडकी डिस्क यूएसबी ३ वरून उतरायला दीड-दोन तास किंवा जास्त, यूएसबी २ वरून चार-पाच तास लागतात, आणि तेवढ्या वेळात आमच्याकडे लाइट एकदाही जाणार नाही असं कोण सांगणार? लॅपटॉपची बॅटरी धडकी असेल तर अर्धी चिंता मिटते. आदेश देण्याआधी मूळ कोणती आणि नक्कल कोणती हे वहीतल्या सिरीयल नंबरशी ताडून पाहा. नुसत्या क्षमतेवर विसंबू नका, दोन्ही डिस्क ५०० च्या असतील तर घात होईल. शक्य असेल तर शेजारी दुसऱ्या माणसाला बसवा आणि नंबर मोठ्याने वाचून घ्या.

झालं की नकललेली डिस्क कन्सोलमध्ये बसवा. सुरू होते का, आवृत्तीचा आकडा तोच आहे का, ते बघा. मूळ डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. पिशवीवर यंत्राचा मॉडेल नंबर आणि आवृत्ती लिहा.

लिनक्सची डिस्क

यासाठी वेगळा १२० किंवा २४० जीबीचा साटा एसएसडी यूएसबी ३ च्या केसमध्ये घाला. पेनड्राइव्हवरही चालतं, पण रोज वापरायचं असेल तर पेनड्राइव्ह सुस्त पडतो आणि लवकर मरतो. आधी हा खर्च करा, बाकी नंतर.

फाइली तीन लागतात: कर्नल, सुरुवातीला मेमरीत उतरणारी इनिटरामएफएस, आणि पीएस४ साठी तयार केलेल्या लिनक्सची टार (एकत्र बांधलेली) फाइल. तिसरी काही जीबींची असते. तालुक्याला किंवा जिल्ह्याला गेलात की चांगल्या नेटवर उतरवा आणि तिथेच तिचा चेकसम (फाइल बरोबर उतरली का ते दाखवणारा आकडा) जुळवून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल घरी येऊन उघडेना झाली की पुन्हा एसटीचं तिकीट.

कर्नल निवडताना कन्सोलची साउथब्रिज चिप (यूएसबी, डिस्क वगैरे सांभाळणारी) महत्त्वाची. सुरुवातीच्या यंत्रांत एओलिया, मधल्या बऱ्याच यंत्रांत बेलीझ, आणि शेवटच्या काही स्लिम आणि प्रो मध्ये बैकाल असते. यंत्राच्या खाली चिकटवलेला मॉडेल नंबर बघून खात्री करा आणि त्याच चिपचं कर्नल घ्या. बैकालवर वायफाय आणि यूएसबीच्या अडचणी जास्त येतात. विकत घ्यायचंच असेल तर जुनं, जाड (पहिल्या पिढीचं) यंत्र घ्या.

जीपार्टेड या डिस्कचे भाग पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एसएसडीवर एमएसडॉस प्रकारचा तक्ता बनवा. पहिला भाग फॅट३२, एक जीबी पुरे. उरलेली जागा ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल रचना). दुसऱ्या भागाला लेबल द्यायचं असतं, आणि ते त्या लिनक्सच्या सूचनांमध्ये दिलेलं असेल तेच, अक्षर न अक्षर तसंच. इनिटरामएफएस ते लेबल शोधूनच पुढे जाते. कर्नल आणि इनिटरामएफएस पहिल्या भागात थेट टाका, फोल्डर करू नका, नावं बदलू नका. टार फाइल दुसऱ्या भागात उलगडायची, तीही लिनक्सच्या टर्मिनलमधून, सुडो (पूर्ण अधिकार देणारा शब्द) लावून, मालकी आणि परवानग्या जपणारा पर्याय देऊन. माउसने राइट क्लिक करून उलगडली तर फाइलींची मालकी बदलते आणि नंतर लॉगिनच होत नाही.

हीच डिस्क कन्सोलला लावल्यावर मूळ प्रणाली तिला एक्स्टेंडेड स्टोरेज म्हणून फॉर्मॅट करायची का असं सुचवू शकते. उत्तर नाही.

पहिल्यांदा सुरू करताना

टीव्ही १०८०पी चा हवा. कन्सोलच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०पी करा, एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारी सोय) बंद करा. ७२०पी च्या जुन्या टीव्हीवर आणि काही मॉनिटरवर लिनक्स सुरू होतं पण पडदा काळाच राहतो, आणि माणूस उगाच डिस्कमध्ये दोष शोधत बसतो.

जाड आणि स्लिम यंत्राला पुढे दोनच यूएसबी आहेत. एकात लिनक्सची डिस्क, दुसऱ्यात वायरलेस कीबोर्ड-माउसचा एकच डोंगल. फट उघडायला पेनड्राइव्ह लागला असेल तर तो काढून मग डोंगल लावा.

फट उघडल्यावर ‘गोल्डहेन’ हा मदतनीस प्रोग्रॅम चढतो, त्याच्या सेटिंगमधून पेलोड (बाहेरून पाठवलेला छोटा प्रोग्रॅम) स्वीकारायचा पर्याय सुरू करा आणि लॅपटॉप किंवा फोनवरून लिनक्स लोडर पाठवा. यासाठी इंटरनेट लागत नाही, रिचार्ज नसलेला राउटरही पुरतो. लोडर वेगवेगळ्या व्हिडिओ मेमरीसाठी वेगवेगळा मिळतो. वाचन-टायपिंगसाठी १ जीबीचा घ्या. ८ जीबी मेमरी सामायिक आहे, व्हिडिओला जास्त दिली तर ब्राउझरला कमी उरते.

पडदा काही क्षण काळा होईल, पांढऱ्या ओळी धावतील, मग डेस्कटॉप येईल. डेस्कटॉप न येता आदेशाची ओळ लुकलुकत राहिली तर लेबल चुकलं आहे किंवा डिस्क उशिरा जागी झाली आहे. आधी लेबल बघा. ओळीच दिसल्या नाहीत तर कर्नल दुसऱ्या चिपचं आहे किंवा टीव्हीचा घोळ आहे. लोडर कधी कधी पहिल्या फटक्यात लागत नाही, कन्सोल बंद करून पुन्हा सोडा.

सुरू झाल्यावर पासवर्ड बदला. आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममधून मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडा. वायफाय रुसलं तर फोन यूएसबी टेदरिंगला लावा. सगळी प्रणाली एकदम अपडेट करू नका: पीएस४ च्या ग्राफिक्स चिपसाठी मेसा या चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची दुरुस्त केलेली पॅकेजेस त्यात असतात, ती साध्या पॅकेजेसनी बदलली की डेस्कटॉप जातो. ती आधी रोखून ठेवा.

वीज, ऊन आणि कूलर

कन्सोल साधारण १०० ते १५० वॅट घेतो. घरचा इन्व्हर्टर तो सहज ओढतो, पण इन्व्हर्टरच्या मागचा खटका ‘यूपीएस’वर हवा. साध्या मोडवर लाइट जाऊन बॅटरीवर येईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात कन्सोल बंद पडतो. ईएक्सटी४ बदलांची नोंद (जर्नल) ठेवतं म्हणून एखाद्या झटक्याने सगळं जात नाही, तरी रोजचे झटके डिस्कला सोसत नाहीत. आतल्या डिस्कवर लिनक्स नको म्हणण्यामागे हेही आहे: लिहिताना वीज गेली तर बाहेरची डिस्क पुन्हा भरता येते, आतली गेली तर मूळ प्रणालीच जाते. बंद करताना नेहमी मेनूतून शटडाउन करा. लिनक्समध्ये स्लीप वापरू नका, त्यातून ते नीट परत येत नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि मग सगळे कूलरसमोर बसतात. कन्सोल मात्र कूलरच्या झोतात ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती हवा ओली असते, खाऱ्या पाण्याचे बारीक कण घेऊन येते, आणि त्यांचे पांढरे डाग बोर्डावर बसतात. झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर, साध्या पंख्याखाली ठेवा. टीव्हीच्या कपाटात कोंबू नका. कापसाच्या हंगामात घरात कापूस साठवला असेल तर सरकीचा बारीक तंतू पंख्याच्या जाळीत जाऊन बसतो, तो मऊ ब्रशने काढत राहा. भर दुपारी बारा ते चार यंत्र बंदच ठेवलेलं बरं.

जुन्या घरात अर्थिंग नसेल तर एचडीएमआय केबल लावताना झिणझिण्या येतात. तशा आल्या तर आधी वायरमनला बोलवा. त्या झटक्याने टीव्हीचं आणि कन्सोलचं दोन्हीचं पोर्ट जाऊ शकतं.

आतली डिस्क गेलीच तर

सीई-३४३३५-८ हा कोड आला म्हणजे कन्सोलला आतली डिस्क सापडत नाही. आधी ती काढून पुन्हा नीट बसवा, कनेक्टर सुटलेला असू शकतो. नक्कल असेल तर ती बसवून मोकळे व्हा.

नक्कल नसेल तर किमान १६० जीबीची कोरी डिस्क बसवून प्रणाली नव्याने टाकावी लागते. त्यासाठी रीइन्स्टॉलेशनची फाइल हवी, ती साधारण एक जीबीची असते. साध्या अपडेटची फाइल आकाराने लहान असते आणि इथे चालत नाही. इथे लक्ष द्या: कंपनीच्या साइटवर मिळते ती सगळ्यात नवी आवृत्ती. ती टाकलीत तर कन्सोल गेमपुरता जिवंत होईल, लिनक्सचा रस्ता मात्र बंद होईल. म्हणून तुमच्या यंत्रावर आज जी आवृत्ती आहे नेमकी तिचीच रीइन्स्टॉलेशन फाइल आजच मिळवून ठेवा, डिस्क धडधाकट असताना.

फॅट३२ पेनड्राइव्हवर पीएस४ नावाचा फोल्डर, त्याच्या आत अपडेट नावाचा फोल्डर, दोन्ही इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि त्यात ती फाइल. बंद यंत्राचं पॉवर बटण दाबून धरा, पहिली बीप होईल, साधारण सात सेकंदांनी दुसरी बीप झाली की सोडा. कंट्रोलर केबलने जोडा, सेफ मोडचा मेनू येईल. त्यातला सातवा पर्याय, रीइन्स्टॉल सिस्टम सॉफ्टवेअर. पडद्यावर आवृत्तीचा आकडा दिसेल, तो वहीतल्या आकड्याशी जुळला तरच पुढे जा. या वेळात वीज जाता कामा नये, म्हणून इन्व्हर्टर पूर्ण भरलेला असताना सकाळी हे काम करा.

प्रणाली बसली की आपोआप डाउनलोड पुन्हा बंद करा, एचडीसीपी आणि रिझोल्यूशनची सेटिंग पुन्हा करा, फट उघडा, लिनक्सची डिस्क लावा आणि लोडर सोडा. बाहेरच्या डिस्कवरच्या फाइली, टायपिंगचा सराव, उतरवलेला विकिपीडिया सगळं होतं तसंच समोर येतं.